काळ्या आईच्या पोटात सोलापुरी टॉवेल

न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर, १९७७ पासून नुसती माती भरून ठेवली आहे. वॉल्टर डी मारिया या शिल्पकाराचं हे काम. थर बावीस इंचांचा, वजन सुमारे १२७ टन. लोक येतात, उंबऱ्याशी उभं राहून बघतात, वास घेतात आणि जातात. ही माती वेळोवेळी भिजवावी लागते, दाताळ्याने सारखी करावी लागते आणि मधूनच उगवलेली भूछत्रं काढून टाकावी लागतात. मला त्या भूछत्रांचंच जास्त वाटतं. माती जिवंत आहे हे तिथे तीच सांगतात, आणि नेमकी तीच उपटली जातात.

मातीतलं बहुतेक जग डोळ्यांना दिसत नाही. चिमूटभर सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. बुरशीचे धागे आणि सूत्रकृमी वेगळेच. पण आकडे ऐकून हे कुणाच्या मनावर ठसत नाही, ते दिसावं लागतं.

स्वित्झर्लंडमध्ये २०२१ साली अ‍ॅग्रोस्कोप ही कृषी संशोधन संस्था आणि झुरिक विद्यापीठ यांनी हजार लोकांना दोन हजार सुती चड्ड्या वाटल्या. त्या शेतात, परसात पुरायच्या. पहिली महिन्याने उकरायची, दुसरी दोन महिन्यांनी. जिथे मातीतले जीव जोमात असतात तिथे कापड जातं आणि हातात येतं ते कमरेचं इलास्टिक. त्या फाटक्या चड्ड्यांचे फोटो हजार भाषणांवर भारी आहेत.

होतं असं की सुती धागा म्हणजे जवळजवळ सगळा सेल्युलोज, म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक साखळी. ती जिवाणूच्या इवल्या शरीरात मावत नाही. म्हणून जिवाणू आणि बुरश्या आपली विकरं, म्हणजे एन्झाइम, बाहेर सोडतात, साखळी बाहेरच तोडतात आणि सुटलेली साखर शोषून घेतात. मात्र वाढायला त्यांना नत्रही लागतं, आणि कापसात ते नसल्यासारखंच. ते मातीतून घ्यावं लागतं. माती कोरडी किंवा उपाशी असली की कापड टिकतं. अर्थात कापड कुजलं म्हणजे जमीन उत्तम, असा निकाल लगेच देऊ नये. ओल, ऊब आणि नुकतंच टाकलेलं खत यांचाही त्यात हात असतो.

आता हे सोलापुरात का करू नये? टेरी टॉवेल आपला, त्याला भौगोलिक मानांकन आहे. काळी जमीनही आपली. उन्हाळ्यात ती भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पावसात फुगून भेगा मिटतात. ही जमीन आपली आपणच थोडी खालीवर होत राहते. रब्बी ज्वारीसाठी राखलेलं रान पावसाळ्यात मोकळंच असतं.

नागपंचमीला जमीन खणत नाहीत, म्हणून श्रावण लागताच, वीतभर खोल, शंभर टक्के सुती टॉवेल पुरावा. शेणखत पडणाऱ्या रानात एक, वर्षानुवर्षं फक्त रासायनिक खतावर चाललेल्या रानात एक, बांधावरच्या बाभळीखाली एक. जागेवर खुंटी ठोकावी, नाहीतर सापडणार नाही. घटस्थापनेला दोन महिने होतात. घटासाठी रानातली माती आणायला आपण जातोच, त्याच फेरीत उकरावा. खरं तर पत्रावळीवर काळी माती पसरून त्यात धान्य पेरणं आणि नऊ दिवसांचे कोंब दसऱ्याला टोपीत खोचणं, ही मातीची जिवंत मांडणी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

मग जानेवारीत, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर एक लांब दोरी बांधावी. तिच्यावर हे टॉवेल ओळीने वाळत घालावेत. प्रत्येकाखाली गावाचं नाव आणि त्या रानात काय पेरलं, काय घातलं तेवढंच. सुरुवातीला एक न पुरलेला, कोरा. कुठे मोठमोठी भोकं दिसतील, कुठे नुसती किनार लोंबत असेल. शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा असेल तर तो मात्र जसाच्या तसा राहील. टॉवेल धुवायचे नाहीत. चिकटलेली काळी माती तशीच राहू द्यायची, म्हणजे बघणाऱ्याच्या बोटांनाही ती लागेल.