भुवईरोपण: जुना रोग, नवा कर

भुवईवर केस लावून मिळतील अशी पाटी आता पार्लरच्या शेजारीही दिसते. पण ही शस्त्रक्रिया नटण्यामुरडण्यातून आलेली नाही. डोक्यावरच्या कातडीच्या बारीक चकत्या काढून त्या भुवईवर, मिशीवर बसवल्याची नोंद एका जपानी डॉक्टरने 1939 मध्ये केली. 1953 मध्ये तिथेच कुष्ठरुग्णांच्या भुवया नव्याने घडवण्यावर लेख आला. हे सगळे जपानीत राहिले, वर मध्ये महायुद्ध. त्यामुळे केशरोपणाचा इतिहास न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरच्या 1959 मधल्या लेखापासून सांगायची खोड लागली.

आपल्याकडे तर सुरुवात कुष्ठरोगातूनच. या रोगात भुवई बहुधा बाहेरच्या टोकाकडून विरळ होत जाते. हातावरचा चट्टा बाहीखाली झाकतो, भुवई कुठे झाकणार? रोग बरा झाला तरी गाव कपाळाकडेच बघायचे. मग कानाच्या वरच्या बाजूची केसाळ कातडीची पट्टी, तिच्या रक्तवाहिनीसकट, कातडीखालून ओढून भुवईच्या जागी आणत. केस यायचे, पण जरा जास्तच, बुटाच्या ब्रशसारखे. 1982 नंतर बहुविध औषधोपचार, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत, आला आणि असे रुग्ण कमी होत गेले.

आता एकेक केस सुटा लावतात, कातडीला जवळजवळ टेकलेला. नाकाकडचे केस वर तोंड करून, पुढचे आडवे. डोक्यावरचा केस मात्र भुवईवर येऊनही डोक्यावरचाच राहतो: महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणून छोटी कात्री कायमची जवळ ठेवावी लागते.

खरा गुंता आहे तो करात. 2012 च्या सेवाकर अधिसूचनेत आरोग्यसेवेची व्याख्या करताना केशरोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रिया सवलतीबाहेर काढल्या. अपवाद ठेवला तो जन्मजात दोष, वाढीतले व्यंग, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेले अंग पूर्ववत करण्यापुरता. 2017 मध्ये हीच व्याख्या जीएसटीत उचलली. यादी पुन्हा वाचा: तिच्यात ‘रोग’ हा शब्द नाही. भाजून भुवई गेली तर करमाफी मागता येते. कुष्ठरोगाने किंवा चाईने गेली तर? शब्दाला शब्द लावणारा 18 टक्के मागणार. 60,000 च्या बिलावर 10,800 रुपये. रोगाने झालेली हानी ही इजाच, असा युक्तिवाद करता येतो, आणि मला तो पटतो. पण बिल करणारा माणूस युक्तिवाद ऐकायला बसलेला नसतो. केसपेपरवर कारण काय लिहिले आहे तेवढे तो बघतो. ज्या रोगामुळे ही शस्त्रक्रिया आपल्याकडे सुरू झाली तोच अपवादात नसावा, ही व्याख्या करणाऱ्यांची चूकच म्हणायची.

2022 मध्ये देशाच्या वैद्यक नियामकाने केशरोपण कोणी करावे याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे पुरेसे नाही, हे त्यात स्पष्ट आहे. वाद पेटला तो ‘कोणी करावे’ यावरच. ‘कशासाठी’ हा प्रश्न तिथेही ‘सौंदर्यविषयक’ या एका शब्दाखाली गेला.