नवे टायर, भरकटणारी गाडी आणि हवेचा आकडा
अमेरिकेतल्या मोटरहोमवाल्यांमध्ये (मोटरहोम म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: नव्या टायरांवर गाडी डावी-उजवीकडे भरकटली, तर टायरवर छापलेल्या आकड्याइतकी हवा भरा. हे चूक आहे. तो आकडा कमाल भारासाठीचा. पुढच्या ॲक्सलवर, म्हणजे पुढची चाकं ज्यावर बसतात त्या आसावर, तेवढा भार नसेल, तर टायर फुगून मधल्या पट्ट्यावरच टेकतो आणि गाडी आणखी भरकटते. पाणी, सामान, माणसांसकट गाडी वजनकाट्यावर न्या, प्रत्येक ॲक्सलचं वजन घ्या. मग टायर कंपनीच्या भार-तक्त्यावरून थंड टायरची, म्हणजे गाडी चालवण्याआधीची, हवा ठरवा. त्याहून कमी मात्र कधीच नको, टायर तापून फुटू शकतो! तरीही भरकटली, तर अलाइनमेंट करा, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या, आणि टो-इनबरोबर (चाकं पुढच्या बाजूला किती आत वळली आहेत ते) कॅस्टरही (चाक ज्या आसाभोवती वळतं तो मागे किती झुकलाय तो कोन) मोजायला लावा. कॅस्टर कमी असेल, तर स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही.