न्यूटनचा गतिविषयक दुसरा नियम

वस्तूवर लागलेले बल आणि त्यामुळे तिच्या गतीत होणारा बदल यांचा संबंध सांगणारा यामिकीतील मूलभूत नियम. आयझॅक न्यूटन यांनी तो १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या लॅटिन ग्रंथात मांडला. वस्तूच्या संवेगातील बदलाचा दर लावलेल्या बलाच्या प्रमाणात असतो आणि तो बदल बलाच्याच दिशेने होतो, असे हा नियम सांगतो. संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. वस्तुमान कायम असेल तर नियमाचे रूप सोपे होते: बल = वस्तुमान × त्वरण (त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर). शाळेत पाठ होणारे हे समीकरण न्यूटनच्या ग्रंथात अशा रूपात सापडत नाही. कोणत्याही पदार्थकणाला लागू पडतील अशी तीन दिशांची समीकरणे गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी १७५० मध्ये मांडली.

एक किलोग्रॅम वस्तुमानाला दर सेकंदवर्गाला एक मीटर त्वरण देणारे बल म्हणजे एक न्यूटन. ५० किलोग्रॅमच्या हातगाडीवर १०० न्यूटन निव्वळ बल लागले, तर तिचा वेग दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंदाने वाढत जातो.

‘निव्वळ’ हा शब्द येथे फार महत्त्वाचा आहे. बैल थांबले की बैलगाडी थांबते, म्हणून गती टिकवायलाच बल लागते असे वाटणे स्वाभाविक आहे. ॲरिस्टॉटलची मांडणीही तशीच होती. पण एकसारख्या वेगाने सपाट रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत बैलांची ओढ आणि घर्षणादी विरोध एकमेकांना पुरते रद्द करतात. निव्वळ बल शून्य, म्हणून वेगात बदलही शून्य. ओढ थांबली की उरलेला विरोध वेग कमी करत नेतो. बल लागते ते वेग बदलायला, हे गॅलिलिओच्या उतरत्या फळ्यांवरील प्रयोगांनंतर हळूहळू स्पष्ट झाले.

वेग बदलणे म्हणजे केवळ कमी-जास्त होणे नव्हे. दिशा वळली तरी तो बदललाच. याचे सर्वांत सुंदर उदाहरण चंद्र. तो सेकंदाला सुमारे एक किलोमीटर अंतर कापतो. पृथ्वीचे आकर्षण नसते तर तो सरळ रेषेत निघून गेला असता. प्रत्यक्षात त्या एका सेकंदात तो सरळ रेषेपासून पृथ्वीकडे जेमतेम १.४ मिलिमीटर झुकतो, आणि एवढ्या झुकण्यातून त्याची कक्षा घडते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६० पृथ्वी-त्रिज्या दूर आहे. त्याचे त्वरण जमिनीवरील गुरुत्व त्वरणाच्या जवळपास ३,६००व्या भागाइतके, म्हणजे ६० च्या वर्गाच्या पटीत कमी भरते. याच हिशोबाने झाडावरून पडणारे फळ आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाखाली आले.

संवेग किती वेळात बदलतो यावर बल ठरते. उंच उडी मारून सेकंदाला ६ मीटर वेगाने खाली येणाऱ्या ६० किलोग्रॅमच्या खेळाडूचा वेग जाड गादीवर अर्ध्या सेकंदात शून्य झाला, तर सरासरी निव्वळ बल ७२० न्यूटन येते. कठीण जमिनीवर तेच ०.०५ सेकंदात घडले तर ७,२०० न्यूटन.

हा नियम जडत्वीय संदर्भचौकटीत, म्हणजे स्वतः त्वरण नसलेल्या ठिकाणाहून पाहताना, जसाच्या तसा लागू होतो. वळणाऱ्या बसमधून पाहिल्यास आभासी बले, म्हणजे बसच्याच त्वरणामुळे भासणारी बले, हिशोबात धरावी लागतात. प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचलेल्या कणांसाठी ‘वस्तुमान × त्वरण’ हे रूप चुकते. तेथे बल लावत राहिले तर संवेग वाढतच जातो, वेग मात्र प्रकाशाच्या वेगाला गाठत नाही. बल म्हणजे संवेगबदलाचा दर, हे रूप तेथेही खरे ठरते.