आम्लाच्या टबात सापडलेल्या प्रजाती

अमेरिकेत टेक्सासच्या पश्चिमेला ग्लास माउंटन्स हे रखरखीत डोंगर आहेत. पर्मियन काळात, म्हणजे 27-28 कोटी वर्षांपूर्वी, तिथे उथळ समुद्र होता आणि त्यात स्पंज, शैवाल वगैरेंनी रचलेल्या भित्ती होत्या. त्यांच्या चुनखडीत ब्रॅकिओपॉडांचे, म्हणजे दोन कवचांच्या समुद्री प्राण्यांचे, जीवाश्म खच्चून भरले आहेत.

ब्रॅकिओपॉड दिसायला तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांसारखे, पण नात्याने फार लांबचे. तिसरीची कवचं डावी-उजवी असतात, एकीसारखी दुसरी. ब्रॅकिओपॉडची एक वरची, एक खालची. दोघींची घडण वेगळी, मात्र प्रत्येकीच्या मधोमध रेघ ओढली तर दोन्ही बाजू जुळतात.

असला दगड हातोडीने फोडला की कवच मिळतं, त्यावरचे काटे दगडातच मोडून राहतात. ग्लास माउंटन्समध्ये मात्र मूळ कवचाची जागा सिलिकाने घेतलेली होती. स्मिथसोनियन संस्थेच्या आर्थर कूपर यांनी याचाच फायदा घेतला. दगड आणून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवायचे. चुनखडी फसफसत विरघळते, सिलिकाला काही होत नाही. तळाशी उरतात ती अख्खी कवचं, केसासारख्या बारीक काट्यांसकट. काही तर चक्रावून टाकणारी: खालचं कवच शंकूसारखं उभं, वरचं त्याच्या आत खोल बसलेलं झाकण. झाकण हरवलेला नमुना कुणीही प्रवाळ समजेल.

पण वेगळं दिसलं म्हणजे नवी प्रजाती झाली, असं नाही. पिल्लू आणि प्रौढ वेगळे दिसतात; दाटीत वाढलेलं कवच वाकडंतिकडं होतं. म्हणून एकाच थरातले भरपूर नमुने लागतात, आणि आतले स्नायूंचे ठसे, बिजागरीचे दात तपासावे लागतात. कोणत्या थरातला दगड, याची नोंद नसेल तर सुंदर नमुन्याचाही फारसा उपयोग नाही. शेवटी एक नमुना नावाचा आधार म्हणून निवडून संग्रहालयात कायमचा ठेवतात.

कूपर आणि रिचर्ड ग्रँट यांचा या ब्रॅकिओपॉडांवरचा सहा भागांचा ग्रंथ 1972 ते 1977 दरम्यान निघाला. त्यात नव्या प्रजातींची रीघ आहे. इतक्या बारीक फरकांवर वेगळं नाव द्यावं का, अशी शंका मला काही पानांवर येते. पण चित्रं इतकी नेटकी आहेत की वाद घालायलाही तीच उपयोगी पडतात. आणि तुलना टेक्सासपुरती थांबत नाही. शंकूवाला गट आज पाकिस्तानात असलेल्या सॉल्ट रेंजमध्येही आहे, आणि तिथल्या ब्रॅकिओपॉडांचं वर्णन विल्यम वागेन यांनी 1880 च्या दशकातच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी करून ठेवलं होतं.