सीबीनॅट आणि ट्रूनॅट: रिपोर्टमध्ये नसलेली ओळ

टीबीसाठी थुंकी तपासायच्या दोन चाचण्या: सीबीनॅट आणि ट्रूनॅट. मुंबईतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर हल्ली ‘सीबीनॅट/ट्रूनॅट’ असं मध्ये तिरकी रेघ मारून सर्रास लिहिलेलं असतं. जे मिळेल ते करा, असा त्याचा अर्थ. थुंकीत टीबीचा जंतू आहे की नाही, एवढंच बघायचं असेल तर ती रेघ खपून जाते. जंतू औषधाला दाद देणारा आहे का, हे हवं असेल तर खपत नाही. आणि या शहरात ते नेहमीच हवं असतं.

सीबीनॅट बहुतेकांना माहीत आहे. थुंकीत रसायन मिसळायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, कार्ट्रिजमध्ये ओतून मशीनला लावायचं. जंतू फोडणं, धुणं, डीएनए वाढवणं हे सगळं त्या बंद कार्ट्रिजच्या कप्प्यांत द्रव फिरवून होतं. साधारण दोन तासांत निकाल. अमेरिकन कंपनीचं यंत्र, जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०१० ची.

ट्रूनॅट गोव्याच्या मोलबायोचं, त्याला ही मान्यता २०२० मध्ये मिळाली. इथे काम दोन यंत्रांत वाटलेलं आहे. ट्रूप्रेप डीएनए काढून देतं (त्यालाही कार्ट्रिज लागतं, म्हणून कार्ट्रिज दिसलं की सीबीनॅट समजू नका). मग त्यातला सहा मायक्रोलिटरचा थेंब तंत्रज्ञ नखाएवढ्या चिपच्या खळग्यात सोडतो आणि चिप ट्रूलॅबमध्ये जाते. यंत्र बॅटरीवर चालतं, एसी लागत नाही, याचं कौतुक फार होतं. मोखाड्यासारख्या दुर्गम भागात ते कामाचं आहे. दादरच्या लॅबमध्ये त्यावर इतकं बोलण्याचं कारण मला अजून कळलेलं नाही.

खरी गोची पुढे आहे.

सीबीनॅटच्या एकाच कार्ट्रिजमध्ये जंतूही शोधला जातो आणि त्याच्या आरपीओबी जनुकातला ८१ बेसजोड्यांचा तुकडाही तपासला जातो. रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देईनासा करणारे बहुतेक बदल याच तुकड्यात होतात. त्यामुळे जंतू सापडला की रिफॅम्पिसिनची ओळ रिपोर्टवर आपोआप उमटते, कोणी मागो न मागो. ट्रूनॅटची पहिली चिप मात्र फक्त जंतू आहे की नाही एवढंच सांगते. रिफॅम्पिसिनसाठी दुसरी चिप, आणखी साधारण तासभर. ती कोणीतरी आठवणीने लावावी लागते. चिप संपल्या, लॅब बंद व्हायची वेळ झाली, चिठ्ठीवर लिहिलेलंच नव्हतं, अशा कुठल्याही कारणाने ती राहून गेली तर रिपोर्ट येतो: ‘एमटीबी डिटेक्टेड’, म्हणजे टीबीचा जंतू सापडला. त्याखाली काही नाही.

वाचणारा त्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘रेझिस्टन्स नाही’, म्हणजे जंतू औषधाला दाद देतो, असा लावतो. नातेवाईक लावतात तर लावू देत, पण डॉक्टरही लावतात, याचा मला राग येतो. ‘रेझिस्टन्स आढळला नाही’ आणि ‘रेझिस्टन्स तपासलाच नाही’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. नेहमीच्या चार औषधांत रिफॅम्पिसिन हा कणा. तोच लागू पडत नसेल तर पेशंट गोळ्या घेत राहतो, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत खोकत राहतो, आणि उरलेल्या औषधांनाही जंतू सरावतो. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण नोंदवले, ती बातमी २०१२ मध्ये जगभर गेली होती. त्याच शहरात आपण कोरी जागा ‘नॉर्मल’ म्हणून वाचतो!

असा अर्धा रिपोर्ट हातात आला तर त्याच दिवशी लॅबला फोन करा आणि विचारा, ‘रिफची चिप लावली का?’ पहिल्या चाचणीसाठी काढलेल्या डीएनएतलाच उरलेला थेंब त्या चिपला चालतो, म्हणून बहुतेक वेळा नवी थुंकी लागत नाही. आठवडाभराने फोन केलात तर तो थेंब ठेवलेला असेलच असं नाही.

रिफॅम्पिसिनच्या ओळीत ‘इनडिटरमिनेट’, म्हणजे ‘सांगता येत नाही’, हे तिसरं उत्तर दोन्हीकडे येऊ शकतं. थुंकीत जंतू कमी असले की असं होतं. त्याचा अर्थ ‘ठीक आहे’ असा नाही. सकाळचा चांगला बेडका घेऊन पुन्हा तपासणी करायची. लाळ नको.

माझं मत विचाराल तर मुंबईत सीबीनॅट बरं. ट्रूनॅटमध्ये हाताचं काम जास्त, म्हणजे चुकायच्या जागाही जास्त. पण पॉझिटिव्ह आला की न विचारता दुसरी चिप लावायची, असा जिथे नियम आहे, त्या लॅबचं ट्रूनॅट मी डोळे झाकून घेईन.

नेहमीच्या चारांतल्याच आयसोनियाझिड या औषधाबद्दल नेहमीचं सीबीनॅट कार्ट्रिज काही सांगत नाही आणि ट्रूनॅटच्या या दोन चिपही सांगत नाहीत. त्यासाठी एलपीए (लाइन प्रोब असे) ही वेगळी चाचणी. आणि उपचार चालू असताना ‘बरा झाला का बघू’ म्हणून यांतलं काहीही पुन्हा करू नका. मेलेल्या जंतूचा डीएनएही यांना सापडतो, त्यामुळे सुधारत असलेला पेशंट पॉझिटिव्ह दिसतो आणि घरचे हादरतात. त्या कामाला स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी बघणं) आणि कल्चरच (जंतू वाढवून बघणं) लागतं.