पाटे वाढले, पासिंग नाही

"मिस्त्री, आठाचे दहा करून टाका."

दिवाळीच्या आसपास, साखर कारखान्यांची धुराडी पेटायच्या आधी, सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही वेल्डिंगच्या गॅरेजात तासभर उभं राहा, हे वाक्य कानावर पडतंच. उसाची ट्रॉली जॅकवर चढलेली असते, यू-बोल्ट सोडून पाट्यांचा, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचा, गठ्ठा जमिनीवर उतरवलेला असतो. त्यात दोन पाटे जादा घालायचे, लांब यू-बोल्टने आवळायचे, झालं. संध्याकाळपर्यंत दहा टनांची ट्रॉली पंधरा टनांची होते, म्हणजे मालकाच्या हिशेबात होते. फडातून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत, म्हणजे ऊस टाकायच्या जागेपर्यंत, जितक्या खेपा कमी तितकं डिझेल कमी, हा हिशेब मला कळतो. खोट दुसरीकडेच आहे.

पाटा ही साधी गोष्ट आहे. वजन पडलं की वाकतो, वजन गेलं की सरळ होतो. आठ सारख्या पाट्यांना आणखी दोन जोडले की गठ्ठ्याचा ताठपणा साधारण पाव हिश्शाने वाढतो. त्याच वजनाखाली ट्रॉली कमी बसते, आणि मालकाला समाधान वाटतं की गाडी आता 'घेते'. पण ट्रॉली बसणं ही तर खूण होती! भार जास्त झालाय हे ओरडून सांगणारा एकच भाग त्या सांगाड्यात होता, आपण नेमकं त्याचं तोंड बंद केलं. एक्सल, हब, बेअरिंग, टायर, दांडी, हुकाची पिन, सगळं जिथल्या तिथे जुनंच राहिलं.

एक्सलचाच हिशेब मांडू. चार चाकी ट्रॉली, स्वतःचं वजन दोन टन, वर ऊस दहा टन. दोन एक्सल, म्हणजे प्रत्येकावर सहा टन आणि प्रत्येक चाकाशी तीन टन. वजन एक्सलवर येतं पाट्यांच्या बैठकीत, आणि जमीन ते उचलते चाकाशी. या दोन जागांमधलं अंतर २५ सेंटीमीटर धरू. ७५ मिलिमीटरचा चौकोनी एक्सल असेल तर त्याच्या खालच्या अंगाला दर चौरस मिलिमीटरला सुमारे साडेदहा किलोचा ताण बसतो. तोच भार दीडपट केला तर सोळा किलोचा. साधं पोलादसुद्धा पंचवीसेक किलोपर्यंत कायमचं वाकत नाही. म्हणून पहिल्या खेपेला काहीच होत नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. "बघा, काय झालं का?" असं मिस्त्री म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

पण खड्ड्यात चाक आदळलं की तोच ताण क्षणभर दुप्पट होऊ शकतो. शिवाय धातू मोडायला एकाच घावाची गरज नसते. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा एक्सल मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि निदान पन्नास माणसं गेली. अंटार्क्टिकाची सफर करून सुखरूप परतलेला फ्रेंच दर्यावर्दी द्युमाँ द'उर्विल आपल्या कुटुंबासह त्यात मेला. पुढच्याच वर्षी रँकिन या स्कॉटिश इंजिनिअरने मोडलेल्या एक्सलांवर निबंध लिहिला. भेग जिथे जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यापासून सुरू होते आणि गुपचूप आत सरकत जाते, हे त्याने दाखवलं. नंतर जर्मनीत वोलर याने रेल्वेचेच एक्सल वर्षानुवर्षं तपासून सांगितलं की किती वेळा आणि किती ताण, यावर आयुष्य ठरतं. आज आपण याला धातूचा थकवा म्हणतो.

थकव्याचं गणित निर्दय आहे. वेल्डिंग केलेल्या जागी ताण दीडपट झाला की आयुष्य साधारण तिसऱ्या हिश्शाच्याही खाली येतं, दुप्पट झाला की आठव्या हिश्शावर. आता गॅरेजात काय करतात बघा. पाट्यांची बैठक सरकू नये म्हणून एक्सलला खालून पट्टी वेल्ड करतात. खालचं अंग म्हणजे जे सतत ताणलं जातं तेच. मजबुतीसाठी ठोकलेली पट्टी भेगेला दार उघडून देते. एक्सल बदलायचाच असेल तर मात्र चित्र वेगळं दिसतं: ताकद जाडीच्या घनात वाढते, त्यामुळे ७५ चा ९० मिलिमीटर केला तर जाडी फक्त २० टक्क्यांनी वाढते आणि ताकद ७३ टक्क्यांनी. पण मग हब बदला, बेअरिंग बदला, रिम बदला. तेवढा खर्च कोणी करत नाही. जुन्याच रोलर बेअरिंगवर दीडपट भार टाकला तर त्याचं आयुष्य साधारण पाव उरतं.

सगळ्यात वाईट गोष्ट ब्रेकची. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतोच, सगळं थांबवायचं ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. अडीच टनांचा ट्रॅक्टर धरला तर त्याच्या मागच्या चाकांवर दीडेक टन असतो. चार चाकी ट्रॉली आपलं वजन स्वतःच पेलते, ट्रॅक्टरवर फारसं टाकत नाही. कोरड्या डांबरावर त्या दोन चाकांची पकड फार तर नऊशे किलोची. ताशी २० किलोमीटरने जाताना मागे दहा टन असतील तर गाडी सुमारे २२ मीटरमध्ये थांबेल. मागे वीस टन असतील तर ३९ मीटर लागतील. हे सपाटीवर. शंभर मीटरला चार मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टरसकट साडेबावीस टनांचा रेटा त्या नऊशे किलोंच्या पकडीला अगदी बरोबरीने येऊन भिडतो. ब्रेक पूर्ण दाबलाय, चाकं जाम आहेत, आणि तरी गाडी चाललीच आहे. चार टक्क्यांचा उतार म्हणजे घाट नव्हे, ओढ्यावरच्या पुलाकडे उतरणारा गावरस्ताही तेवढा असतो. मग मागून ढकलणारी ट्रॉली ट्रॅक्टरला आडवं पाडते. इथे पाट्यांचा काय उपयोग?

कायद्याच्या नजरेत ट्रॉली ट्रॅक्टरची शेपटी नाही. तिचं आरटीओकडचं वेगळं पासिंग, वेगळं आरसी म्हणजे नोंदणीपत्र, आणि त्यात भारासकट वजनाचा आकडा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे मंजुरीबाहेरच्या अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जादा भारासाठी कलम १९४ आहे: वीस हजार, वर दर जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. "ड्रायव्हरने भरलं, मला ठाऊक नव्हतं" हेही सहज चालत नाही. ड्रायव्हर मालक नसेल तर हे मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झालं असं कोर्टाला कलम ११३ नुसार गृहीत धरता येतं.

तेव्हा पंधरा टन न्यायचेच असतील तर तेवढ्याला बनलेली आणि तेवढ्यालाच पास झालेली ट्रॉली घ्यावी लागते. गॅरेजातून पाटे वाढतात, आरसीतला आकडा वाढत नाही.

खरी बाब अपघातानंतर सुरू होते. मूळ ट्रॉली विकणारा मोकळा होतो, कारण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८७ प्रमाणे इजा झाली तेव्हा वस्तूत फेरबदल झालेला असेल तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा दावा चालत नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या सदोष कामासाठी त्याच कायद्यात वेगळं कलम आहे, हे पाटे घालणाऱ्या किती मिस्त्र्यांना माहीत असेल? माणूस गेला तर निष्काळजीपणाचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत. विम्याचं मात्र लोक समजतात तितकं सरळ नाही. जादा भार होता म्हणजे क्लेम आपोआप बुडाला, असं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या एका निकालात, मालवाहू मोटारीत परवानगीपेक्षा जास्त माणसं होती एवढ्यावरून विमा कंपनीला हात झटकू दिले नव्हते. त्या जादा माणसांमुळे अपघात झाला का, हे पाहिलं होतं. इतर प्रकरणांत कंपनीने आधी जखमींना भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असेही हुकूम झाले आहेत.

म्हणजे सगळं येऊन ठेपतं ते एका प्रश्नावर: मोडलं ते जादा भारानेच का? आणि त्याचं उत्तर मोडक्या लोखंडातच लिहिलेलं असतं. थकून मोडलेल्या एक्सलचं तोंड मी एकदा हातात धरून पाहिलंय. एका कोपऱ्यापासून, बरोबर खालच्या वेल्डिंगपाशी, गंजलेल्या काळपट रेषा एकामागे एक पसरत गेलेल्या, ओहोटीचं पाणी वाळूवर ठेवून जातं तशा. उरलेला भाग खडबडीत आणि चकचकीत, तो शेवटच्या क्षणी तुटलेला. काळा भाग जितका मोठा, तितकी भेग जुनी आणि तितक्या खेपा तिच्यावर झालेल्या. आणि त्या खेपांना किती टन होते, हे शोधायला तपास अधिकाऱ्याला लांब जावं लागत नाही. बिलासाठी जपून ठेवलेल्या कारखान्याच्या काटा पावत्या मालकाच्याच कपाटात असतात, तारीख आणि वजनासकट.