झेब्रा क्रॉसिंग, तात्पुरती वेगमर्यादा आणि चालकाची समज : पार्श्वभूमी

तात्पुरत्या वेगमर्यादेचा फलक दिसला की चालक आकडा वाचतो आणि लगेच पुढे नजर टाकतो. कामगार, यंत्रे, अरुंद झालेली लेन दिसली तर वेग उतरतो. रस्ता मोकळा दिसला तर बहुतेकदा उतरत नाही. झेब्रा क्रॉसिंगचेही तसेच. गाडी थांबवायची की नाही हे पट्ट्यांपेक्षा समोरच्या स्थितीवर ठरते : कोणी रस्त्यावर उतरले आहे का, मागची गाडी किती जवळ आहे, शेजारचा थांबतो आहे का. याला बेशिस्त म्हणून आपण मोकळे होतो. पण या नियमांचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर दोषाचा बराच वाटा नियम आखणाऱ्यांच्या पदरात पडतो.

ब्रिटनच्या 1865 च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी 4 मैल आणि वस्तीत 2 मैल एवढाच वेग दिला होता. शिवाय वाहनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालत असे. त्याच्यामागून जायचे असल्याने मर्यादेचा वेगळा अर्थ लावण्याचा प्रश्नच नव्हता. 1896 मध्ये मर्यादा ताशी 14 मैलांवर गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल मोटारीच्या धडकेने दगावल्या. चौकशीत वाद झाला तो वेगाचा : चालक म्हणत होता ताशी 4 मैल, तर एका साक्षीदाराला गाडी दौडणाऱ्या घोड्याइतकी वेगात वाटली होती. चालकाचा वेग आणि बाहेरच्याला दिसणारा वेग यांतले हे अंतर आजही प्रत्येक अपघाताच्या चौकशीत समोर येते.

1903 मध्ये मर्यादा ताशी 20 मैल झाली, पण ती कोणी पाळीना. 1930 च्या कायद्याने मोटारींची वेगमर्यादा सरळ काढूनच टाकली. 1934 मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर 7,343 माणसे मेली. मार्च 1935 पासून वस्तीच्या भागात ताशी 30 मैलांची मर्यादा आली. वस्तीचा भाग ओळखायची खूण म्हणून कायद्याने पथदिवे धरले. दिव्यांची रांग सुरू झाली की मर्यादा सुरू. चालकाला रस्त्यावरच दिसणाऱ्या गोष्टीला नियम बांधण्याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

पादचाऱ्यांच्या वाट्याला मात्र अर्धवट काम आले. वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलीशा यांनी 1934 मध्ये क्रॉसिंगच्या दोन्ही टोकांना वर पिवळसर गोळा असलेले खांब उभारायला सुरुवात केली. खांब दिसत, पण जमिनीवर खूण होती ती धातूच्या खिळ्यांच्या रांगांची. पायी चालणाऱ्याच्या ती नजरेत भरे. काही अंतरावरून येणाऱ्या चालकाच्या जवळजवळ नाहीच. पादचाऱ्याच्या दृष्टीने तो क्रॉसिंगवर होता आणि चालकाच्या दृष्टीने साध्या रस्त्यावर. 1949 मध्ये निरनिराळ्या रंगांच्या पट्ट्यांचे प्रयोग झाले, त्यांतून काळा-पांढरा जोड निवडला गेला आणि 1951 मध्ये झेब्रा क्रॉसिंगला कायद्याचा आधार मिळाला.

पुढचा प्रयोग फसला, आणि तो मला सगळ्यात बोलका वाटतो. 1962 मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्थानकाजवळ 'पांडा' क्रॉसिंग सुरू झाले. पादचाऱ्याने बटण दाबेपर्यंत चालकासमोर एकही दिवा नसे. बटण दाबले की पिवळा दिवा ठेक्याने मंद-तेज होऊ लागे : थांबायची तयारी करा. मग लाल. त्यानंतर पुन्हा पिवळा, पण आता तो उघडझाप करणारा : क्रॉसिंग मोकळे असेल तर निघा. म्हणजे एकाच रंगाचे दोन जवळजवळ उलटे अर्थ, आणि फरक फक्त दिवा लुकलुकण्याच्या तऱ्हेत. चालत्या गाडीतून हा फरक टिपायला चालकाकडे क्षणभराचाच वेळ. गोंधळ झाला, आणि काही वर्षांतच पांडा गेले. 1969 मध्ये आलेल्या 'पेलिकन' क्रॉसिंगवर हिरवा, पिवळा, लाल हा ओळखीचा क्रम परत आला.

'तात्पुरत्या' वेगमर्यादांवरचा अविश्वासही अनुभवातून आला आहे. 1965 च्या हिवाळ्यात धुक्यातल्या साखळी अपघातांनंतर ब्रिटनने ताशी 70 मैलांची मर्यादा चार महिन्यांच्या प्रयोगापुरती लावली. 1967 मध्ये ती कायमची झाली. तेलटंचाईमुळे अमेरिकेने 1974 मध्ये ताशी 55 मैलांची मर्यादा आणली. ती 1995 पर्यंत टिकली आणि असंख्य चालकांनी ती उघडपणे मोडली. उलट पश्चिम जर्मनीने त्याच संकटात ऑटोबानवर (जलद वाहतुकीच्या महामार्गांवर) लावलेली ताशी 100 किलोमीटरची मर्यादा चार महिन्यांत उठवली. स्वीडनने 3 सप्टेंबर 1967 रोजी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हाही काही काळ कमी वेगाचे बंधन होते. त्या काळात अपघात लक्षणीय घटले आणि लोक सरावल्यावर पुन्हा वाढले. तिथे रस्ता अनोळखी झाला होता, म्हणून चालक जपून होते; एकट्या आकड्याने एवढे साधले नसते.

रस्त्याच्या कामावरही एकटा आकडा पुरत नाही. काम रात्री थांबते, फलक तसाच राहतो. कधी काम संपून कितीतरी दिवस उलटतात तरी फलक उभा. अशा प्रत्येक फलकाबरोबर चालक शिकतो की आकड्याचा रस्त्याशी संबंध असेलच असे नाही, आणि मग जिथे खरोखर वळणापलीकडे माणसे खाली वाकून काम करत असतात तिथेही तो त्याच वेगाने जातो. त्यांचा जीव जुन्या, विसरलेल्या फलकामुळे धोक्यात येतो, याचा मला मनापासून राग आहे. काम संपताच फलक काढणे हा सुरक्षेचाच भाग धरला पाहिजे.

क्रॉसिंगबाबत 1968 च्या व्हिएन्ना करारात, म्हणजे रस्ता वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारात, चालकाची जबाबदारी स्पष्ट आहे : रस्ता ओलांडणाऱ्याला किंवा ओलांडायला निघालेल्याला धोका होणार नाही इतक्या कमी वेगाने यावे, गरज पडल्यास थांबावे. पण 'ओलांडायला निघालेला' कोण, हे ठरवते चालकाचीच नजर. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये (रस्ता वापरण्याच्या अधिकृत नियमावलीत) 2022 पासून झेब्राजवळ नुसत्या थांबलेल्या पादचाऱ्यालाही वाट द्यावी असे आले. त्याआधी पादचाऱ्याने पाऊल टाकले की चालकाचे बंधन सुरू होई. पट्ट्यांपुढे उभे राहून वाट पाहणाऱ्याला या जुन्या नियमाचा फारसा उपयोग नव्हता.

सर्वांत घातक गैरसमज अनेक लेनच्या रस्त्यावर होतो. पहिल्या लेनमधली गाडी थांबते, पादचारी तिच्या पुढून निघतो. दुसऱ्या लेनमधल्या चालकाला थांबलेली गाडी दिसते, तिच्याआडचा माणूस दिसत नाही. ती गाडी का थांबली याचे कारण त्याला वळणे, बिघाड, प्रवासी उतरवणे असे काहीही वाटू शकते. म्हणूनच व्हिएन्ना करार क्रॉसिंगपाशी थांबलेल्या वाहनाला, तत्काळ थांबता येईल इतका वेग कमी केल्याशिवाय, मागे टाकू देत नाही. अमेरिकेतल्या अभ्यासांतही अनेक लेनच्या, वर्दळीच्या रस्त्यांवर नुसते पट्टे पुरत नाहीत असे दिसले. मध्ये थांबायला बेट लागते, सिग्नल लागतो. थांबरेषा काही मीटर अलीकडे आखली तर थांबलेल्या गाडीच्या पुढून येणारा माणूस शेजारच्या लेनमधल्या चालकाला वेळेत दिसतो.